शाळेपूर्वीच्या तपासणीत माझ्या मुलीचा डावा डोळा वेगळा तपासलाच गेला नाही

दि. २१ जून

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, मुख्य कार्यालय

विषय : गंगापूर रोड, नाशिक येथील शाखेत २५ मे रोजी झालेली मुलांची नेत्रतपासणी आणि त्यानंतर मिळालेली वागणूक

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा क्रमांकावर काल चौथ्यांदा बोलल्यानंतर मी हे पत्र लिहीत आहे. ‘शाळेपूर्वी’ तपासणीत काय काय असते ते आपल्याच पत्रकावर छापलेले आहे. बालनेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, डोळ्यांत थेंब घालून संपूर्ण तपासणी, या शब्दांवर विसंबूनच मी माझ्या सात वर्षांच्या मुलीला आणि पाच वर्षांच्या मुलाला घेऊन इंदिरानगरहून आपल्या शाखेत गेले होते.

त्या दिवशी नेत्रतज्ज्ञ नव्हते आणि थेंबही घातले गेले नाहीत. मुलीला मशीनपुढे हनुवटी टेकवून बसवले, कागदाची पट्टी बाहेर आली आणि उजव्या डोळ्याला उणे पाऊण, डाव्याला उणे अर्धा असा नंबर ठरला. मग तक्ता वाचून घेतला, तोही दोन्ही डोळे उघडे ठेवून, आणि तिने शेवटची ओळ घडाघडा वाचली. चष्म्याशिवाय शेवटची ओळ वाचणाऱ्या मुलीला लांबचे दिसण्यासाठी चष्मा कशाला, हे मी तिथेच विचारायला हवे होते. मी विचारले नाही, याची टोचणी मला आहे. मुलाला तर अक्षरे येत नाहीत म्हणून कोणी तपासलेच नाही. अक्षरे न येणाऱ्या मुलांसाठी चित्रांचे तक्ते असतात, हे आपल्या कर्मचाऱ्यांना ठाऊक असणार. तरीही तपासणीचे १,२०० रुपये दोघांचे घेतले आणि चष्म्याचे २,८५० वेगळे.

पुढचे मला माझ्या मुलाने दाखवून दिले. चष्मा लावल्यापासून मुलगी रोज संध्याकाळी कपाळ दाबत होती. ८ जूनला दोघे स्वयंपाकघरात डॉक्टर-डॉक्टर खेळत होते. त्याने ताईचा चष्मा काढला, तिच्या उजव्या डोळ्यावर स्टीलची वाटी धरली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवून ‘वाच’ म्हणाला. ती गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आई, आकडे कुठे गेले?’ मी भाजी ढवळत होते, ती तशीच टाकून आले. वाटी डाव्या डोळ्यावर धरली तर बारीक अक्षरांतले सणसुद्धा वाचले. उजव्यावर धरली की ठळक तारखासुद्धा नाहीत. एकेक डोळा झाकून पाहणे एवढेच ते होते, आणि पाच वर्षांच्या मुलाने वाटीने जे केले ते आपल्या शाखेत कोणीही केले नाही.

दुसऱ्याच दिवशी मी तिला मुलांच्या नेत्रतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी थोड्या थोड्या वेळाने तीनदा थेंब घातले, तासाभराने तपासले आणि नंबर निघाला तो असा : उजवा अधिक अर्धा, डावा अधिक साडेतीन. लहान मुलांच्या डोळ्यांतला जवळचे पाहण्याचा स्नायू इतका जोरकस असतो की मशीनमध्ये पाहताना तो आवळला जातो आणि खरा अधिक नंबर झाकून खोटा उणे नंबर दाखवतो. तो स्नायू सैल पडावा म्हणूनच थेंब घालतात. डाव्या डोळ्याची धूसर प्रतिमा मेंदूने बाजूला सारली होती, म्हणजे डोळा आळशी झाला होता, आणि एका डोळ्याने चांगले दिसत असल्यामुळे तिची कधी तक्रारच नव्हती. आता योग्य नंबरचा चष्मा, आणि काही आठवड्यांनी चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी. वय वाढते तसा हा उपचार अवघड होत जातो आणि ऑक्टोबरमध्ये तिला आठ पूर्ण होतील. आपल्या तपासणीवर आम्ही निर्धास्त राहिलो असतो तर किती काळ गेला असता, याचा विचार आपण करावा.

आता कालचे संभाषण. पस्तीस मिनिटे थांबल्यावर जे गृहस्थ बोलले त्यांनी नोंद उघडून सांगितले की दोन्ही डोळ्यांची दृष्टी, प्रत्येक डोळा वेगळा तपासून, ६/६ म्हणजे पूर्ण चांगली लिहिलेली आहे. मी म्हटले, डोळे वेगवेगळे तपासलेच नाहीत, मी शेजारी उभी होते. त्यावर ते म्हणाले, ‘मॅडम, मुलीलाच विचारा. लहान मुलं बोटांच्या फटीतून बघतात आणि फसवतात.’ मी म्हटले, तिला डोळा झाकायला कोणी सांगितलेच नाही, मग फट कुठून आली? ते म्हणाले, ‘आमच्या नोंदीत आहे म्हणजे झालंच आहे,’ आणि पुढे हेही सांगितले की आम्ही बाहेर तपासणी केल्यामुळे चष्म्याची हमी रद्द झाली आहे. फोन स्पीकरवर होता. मुलगी दप्तर भरत होती. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, ‘आई, मी नव्हतं गं बघितलं फटीतून.’ न केलेली तपासणी नोंदीत लिहायची आणि दोष सात वर्षांच्या मुलीच्या माथी मारायचा, हे मी विसरणार नाही.

माझ्या सासऱ्यांचा मोतीबिंदूनंतरचा चष्मा आपल्याच शाखेतला आहे. त्याच विश्वासाने मी मुलांना आणले होते. यापुढे आमच्या घरातले कोणीही आपल्या पायऱ्या चढणार नाही.

मला ४,०५० रुपये परत हवे आहेत, २५ मेच्या नोंदीची प्रत हवी आहे आणि माझ्या मुलीच्या नावे लेखी दिलगिरी हवी आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या दिवशी आमच्या पुढेमागे रांगेत बरीच मुले होती. त्यांचे फोन क्रमांक आपल्याकडे आहेत. मे महिन्यात या शाखेत तपासलेल्या प्रत्येक मुलाला परत बोलवा, एकेक डोळा झाकून आणि थेंब घालून पुन्हा तपासा, आणि ते केल्याचे मला लेखी कळवा. डोळे वेगवेगळे तपासले गेले नाहीत, हे मी पुन्हा लिहिते, कारण चार फोनवर चार जणांनी ते ऐकून सोडून दिले.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. आपले पत्रक, पावत्या, मशीनची कागदी पट्टी आणि नेत्रतज्ज्ञांचा अहवाल यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. मूळ कागद माझ्याकडे आहेत.

आपली ग्राहक,
(सही)
इंदिरानगर, नाशिक