सहलीच्या यादीत पायांसाठी पण एक ओळ टाका की!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्ट्या जवळ आल्या की तुमच्या पेपरात थीम पार्क, वॉटर पार्कच्या सहलीला काय काय न्यावं याची चौकट येते. टोपी, गॉगल, सनस्क्रीन, पॉवर बँक, सगळं असतंय त्यात, पण दिवसभर ज्यांच्या जिवावर फिरायचंय त्या पायांसाठी एक अक्षर नसतंय. शाळेतनं येणाऱ्या सूचनांच्या कागदावर पण तेच, नायलॉनचा ड्रेस, टॉवेल, पाण्याची बाटली, संपलं. म्हणून हे पत्र.

आता कोणतरी म्हणणारच की कोल्हापूरकराला चालायचं काय शिकवताय, आम्ही जोतिबाला अनवाणी जातोय, भर पावसात पन्हाळा ते पावनखिंड करतोय. मान्य. पण तिथं माणूस चालत राहतो. थीम पार्कात निम्मा वेळ रांगेत एका जागी उभं राहण्यात जातो, खाली सिमेंट नाहीतर पेव्हर ब्लॉक, मधेच पाण्याची राईड झाली की बूट-मोजे भिजले आणि मग तेच ओले घालून संध्याकाळपर्यंत हिंडायचं. फोड येतात ते घासण्यानं, आणि ओली मऊ झालेली कातडी लवकर सोलते, एवढं साधं आहे ते.

त्यात आपल्याकडनं खोपोलीचं इमॅजिका जवळजवळ तीनशे किलोमीटर, बेंगळुरूचं वंडरला त्याच्याहून लांब, म्हणजे रात्रभर गाडीत पाय लोंबकळत ठेवून बसायचं. सकाळी उतरल्यावर पाय जरा सुजलेलेच असतात, आणि सहल म्हणून मुद्दाम घेतलेला नवा कोरा घट्ट बूट त्याच पायात कोंबायचा! बूट घ्यायचा असेल तर संध्याकाळी घ्यायला जावा, तेव्हा पाय दिवसभराचा फुगलेला असतो, पुढं हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सुटली पाहिजे, आणि आधी आठ-पंधरा दिवस घरात, बाजारात घालून तो पायाला बसवून घ्या.

कोल्हापुरी पायताणाबद्दल पण बोलतो, रागवू नका. २०१९ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, २०२५ ला इटलीतल्या फॅशन शोवरनं जगभर गाजलं, अभिमान आहेच. पण बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं ते कातडं पाण्यासाठी नाही. भिजलं की फुगतंय, ओल्या फरशीवर सटकतंय, वाळल्यावर कडक होतंय. लग्नात करकर वाजवत मिरवा, वॉटर पार्कला घरी ठेवा. नुसती रबरी स्लिपर पण पुरत नाही कारण मोठ्या राईडला सैल चप्पल बहुतेक ठिकाणी काढून ठेवायला लावतात. मागनं पट्टा असलेली सँडल, पाण्यात चालणारी, हे सगळ्यात बरं. कोरड्या भागासाठी जुना सवयीचा स्पोर्ट शूज.

मोजे सुती असले की चांगले असं आपल्याला वाटतं, पण सुती मोजा घाम पिऊन बसतो आणि ओलाच राहतो. खेळाडू वापरतात तसले पातळ सिंथेटिक मोजे लवकर वाळतात. माणशी दोन जोड जादा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, आणि ओले झालेले ठेवायला एक रिकामी पिशवी. बाकी काय, छोटा नॅपकिन फक्त पायांसाठी (तोंड पुसायचा वेगळा, हे सांगावं लागतंय!), बँडेडच्या पट्ट्या, चिकटपट्टी, व्हॅसलिनची डबी. टाचेला, करंगळीच्या कडेला सकाळीच व्हॅसलिन लावलं की घासणं कमी होतं. बोटांच्या बेचक्यात मात्र लावू नका, तिथं ओल नकोच. नखं दोन दिवस आधी सरळ कापा, कोपरे खोल कोरत बसू नका. फोड आलाच तर सुईनं फोडायचा नाही, वरनं पट्टी लावायची.

आता चिखल्या, म्हणजे पायाच्या बोटांच्या बेचक्यात होणारी बुरशी. चेंजिंग रूमची ओली फरशी, शेकडो लोकांचे अनवाणी पाय, तिथंच ही बुरशी पसरते, आणि पायाच्या तळव्याला येणारे चामखीळ पण असल्याच जागी मिळतात. तेव्हा शॉवरला जाताना पण पायात स्लिपर पाहिजे, बाहेर आल्यावर बोटांच्या मधली जागा पुसून कोरडी करायची, मगच मोजे. भावाभावांत मोजे, टॉवेल बदलाबदली नको. आणि घरी येऊन खाज सुटली तर मेडिकलमधनं कुठलंही मिक्स क्रीम आणून चोपडू नका. त्यात बऱ्याचदा स्टेरॉईड असतंय, चार दिवस बरं वाटतंय आणि मग बुरशी चिवट होऊन पसरते. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल असलं काही छापलं असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय लावायचं नाही.

शुगरवाल्या आजी-आजोबांचं तर वेगळंच. नातवंडांबरोबर उत्साहानं जातात, चप्पल काठावर काढून पाण्यात उतरतात, आणि येताना मे महिन्यातल्या तापलेल्या फरशीवरनं अनवाणी चालत येतात. पायाची जाणीव कमी झालेली असली तर भाजलेलं कळत पण नाही, दुसऱ्या दिवशी फोड दिसतो आणि मग जखम महिनोन्महिने भरत नाही. त्यांचे तळपाय रात्री घरातल्या कुणीतरी उजेडात बघितले पाहिजेत.

ओले बूट वाळवायला मात्र तुमच्या पेपरासारखं दुसरं काही नाही. मुक्कामावर गेल्या गेल्या पानं चुरगाळून बुटात कोंबा, तासाभरानं बदला, पंख्याखाली ठेवा, सकाळपर्यंत बऱ्यापैकी कोरडे होतात. (अग्रलेखाचं पान आधी वाचून मगच कोंबतो, काळजी नसावी.)

शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीत निघतात, त्याच्या आधी एखाद्या त्वचारोगाच्या डॉक्टरांकडनं यावर अर्धं पान लिहून घ्या, आणि हेडमास्तरांनी सूचनांच्या कागदावर 'मोज्यांचा जादा जोड आणि पट्ट्याची सँडल' एवढी ओळ वाढवावी, त्याला काय खर्च पण नाही.

कळावे,
आपला एक वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर