ओपन सोर्स ड्रायव्हरच्या नावाखाली दिलेले ग्राफिक्स कार्ड बदलून मिळणेबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुंबई

महोदय,

लॅमिंग्टन रोडवरच्या आपल्या दुकानातून गेल्या महिन्यात मी डेस्कटॉप जोडून घेतला. कोटेशनवर आपल्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहिले आहे, 'लिनक्स, ओपन सोर्स ड्रायव्हर, सगळं चालेल.' म्हणजे लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि ग्राफिक्स कार्ड चालवणारे, कोड सर्वांना खुला असलेले सॉफ्टवेअर. झेरॉक्स सोबत जोडली आहे.

मी गिरगावात गणपती मंडळांच्या देखाव्यांची थ्रीडी चित्रे ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये करून देतो. मला मिळाले एनव्हिडिया कंपनीचे जीटीएक्स १०५० टीआय कार्ड, म्हणजे २०१६ चे मॉडेल. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये आपल्या ड्रायव्हरची कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बसणारे भाग) खुली केली खरी, पण ती २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांसाठी. माझ्या कार्डाच्या वाट्याला उरतो नूव्हो हा ओपन सोर्स ड्रायव्हर. तो बाहेरच्या मंडळींनी कार्डाची वागणूक तपासत लिहिलेला. आणि या पिढीत कंपनीच्या डिजिटल सहीचे फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) असल्याशिवाय क्लॉक, म्हणजे कार्डाचा वेग, वाढवता येत नाही. मशीन सुरू होताना कार्ड ज्या संथ वेगावर असते, तिथेच ते बसून राहते. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनला तर कार्ड दिसतच नाही, सगळा रेंडर (अंतिम चित्र तयार करण्याचे काम) प्रोसेसरच्या माथी.

मग आपला इंजिनिअर येऊन एनव्हिडियाचा प्रोप्रायटरी, म्हणजे कोड बंद असलेला, ड्रायव्हर टाकून गेला. चार दिवस झकास चालले, ते नाकारत नाही. पाचव्या दिवशी कर्नल अपडेट झाले. मॉड्यूल नव्या कर्नलसाठी पुन्हा तयार व्हायला लागणारे हेडर्सचे पॅकेज इंजिनिअरने टाकलेच नव्हते, त्यामुळे ड्रायव्हरचे मॉड्यूल तयार झाले नाही. काळ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत होती आणि दारात मंडळाची पोरं उभी! जुन्या कर्नलवर परत गेलो म्हणून निभावले. आपल्याकडे फोन केला तर उत्तर आले, "साहेब, विंडोज टाकून घ्या ना." विंडोजच टाकायचे असते तर कोटेशनवर लिहून कशाला घेतले असते?

प्रोप्रायटरी ड्रायव्हरशी माझे वैर नाही. पण तो हवा की नको, हे मी ठरवायचे होते. मला एएमडीचे कार्ड बदलून द्यावे. त्याचा एएमडीजीपीयू ड्रायव्हर २०१५ पासून कर्नलमध्येच आहे. मात्र मॉडेल ब्लेंडरच्या एचआयपी रेंडरला (एएमडी कार्डावर रेंडर करण्याची सोय) चालणारे हवे, नाहीतर पुन्हा तोच घोळ. किमतीतला फरक मी भरीन, जोडणावळ भरणार नाही. १५ दिवसांत काही न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवीन.

कार्डाचे खोके, बिल जपून ठेवले आहे. माणूस पाठवाल तो दुपारी ३ नंतर पाठवा, सकाळी रेंडर लावलेला असतो.

आपला,
बिलावरील ग्राहक