मध्यवर्ती कल्पना पाठ होते, कळत नाही : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य,

सादर नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवते. घोकंपट्टी कमी व्हावी म्हणून आपल्याकडे प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतींवर आधारलेली कृतिपत्रिका आली, परंतु कवितेची मध्यवर्ती कल्पना आजही गाईडमधून पाठ होऊन येते आणि ‘स्वमत’ या मथळ्याखाली अख्ख्या वर्गाचे मत एकाच शब्दांत उतरते. यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. आशय आणि सूर ओळखण्याचे काम आपण त्यांना थेट परक्या मजकुरावर करायला लावतो. स्वतःच्या आयुष्यातील प्रसंगावर ते आधी करून पाहण्याची संधी देत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीतील आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा प्राथमिक शाळेत असलेल्या मुलांना मी पुढे त्या पुराविषयी पानभर लिहायला सांगितले. एकाने म्हैस जिन्यावरून गच्चीवर कशी चढवली आणि पाणी ओसरल्यावर ती खाली यायला कशी राजी होईना, हे असे रंगवले की वर्ग हसून लोटपोट झाला. एका मुलीने दुकानातील उधारीच्या वह्यांविषयी लिहिले होते. वडील भिजलेले एकेक पान सुटे करून वाळवत होते, पण शाई पसरून नावे आणि आकडे एकमेकांत मिसळले होते. तिच्या लिखाणात ‘दुःख’ हा शब्द एकदाही आला नव्हता. तिसऱ्याने पंचनाम्यातून आपले घर कसे सुटले ते लिहिले. त्याची वाक्ये तुटक आणि टोचणारी होती.

विषय तिघांचाही पूर, मग तिघे सांगत काय आहेत, एवढेच मी विचारले. वह्यांची गोष्ट खरे तर माणसांच्या भरवशाची आहे, कारण हिशेब गेल्यावर देणेकऱ्याच्या शब्दावरच भागवावे लागते, हे मुलांनीच शोधले. मग आम्ही तीच गोष्ट म्हशीच्या गोष्टीच्या ढंगात सांगून पाहिली आणि ती पार बिघडली. शब्द कोणते घेतले, वाक्य किती लांबवले, काय गाळले, यांतून सूर घडतो, हे त्या तासाला निराळे शिकवावे लागले नाही.

एवढी तयारी झाल्यावर परका मजकूर हाती घ्यावा. शेजारच्या साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचा शाळाप्रवेश झाला आणि तो दिवस आपले शासन विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करते. पुढच्याच वर्षी वडिलांकडे निघालेला भीमराव आणि त्याच्यासोबतची मुले मसूर स्टेशनवर उतरली, तेव्हा जात कळताच एकही गाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन गाडी मुलांनीच हाकावी आणि गाडीवानाने बाजूने चालावे, असे ठरले. मोठेपणी ही आठवण लिहिताना बाबासाहेबांनी प्रवासासाठी केलेल्या नव्या कपड्यांचेही वर्णन केले आहे, आगपाखड मात्र कुठेही केलेली नाही. उधारीच्या वह्यांवर लिहिणाऱ्या मुलीला हा संयम समजावून सांगावा लागत नाही. विद्यार्थी दिवसाला भाषणांऐवजी हाच उतारा वर्गावर्गांत वाचला गेला, तर तो दिवस अधिक सार्थकी लागेल, असे माझे मत आहे.

म्हणून विनंती अशी की, अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांतील स्वाध्यायात स्वानुभवलेखनाला आणि त्या लेखनाच्या आशय-सुरावर विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या टिपणाला जागा द्यावी. लेखी परीक्षेतही मध्यवर्ती कल्पना नमुना उत्तरापेक्षा वेगळी, पण कवितेतील ओळींच्या आधाराने मांडली असेल, तर पूर्ण गुण देण्याची स्पष्ट सूचना परीक्षकांना जावी.

यात एक धोका आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आमच्या वर्गांत ऊसतोड मजुरांची मुले असतात, घरात दारू असलेली मुले असतात. त्यांच्यावर घरचे काही उघड करण्याची वेळ येता कामा नये. विषय निवडण्याची मोकळीक हवी, वर्गात वाचून दाखवण्याची सक्ती नको, आणि गुण प्रसंगाच्या दाहकतेला न देता लेखनाला द्यावेत, अन्यथा कोणाचे दुःख मोठे याचीच स्पर्धा लागेल. शिक्षक प्रशिक्षणात यावर निदान एक दिवस खर्च व्हावा. आणि उपक्रम मंजूर झालाच, तर मुलांच्या या लिखाणाचे फोटो काढून कुठल्याही ॲपवर चढवण्याचा आदेश कृपया त्यासोबत काढू नये.

कळावे,

आपली विश्वासू,
मराठीची एक शिक्षिका, सांगली