कुर्ल्याच्या मिस्त्रीकाकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय मिस्त्रीकाका,
सादर नमस्कार.

गाडी रस्त्यावर आली. मिरज ते नरसोबाची वाडी जाऊन आली. मागच्या ॲक्सलमधून घरघर नाही, इंजिनचं पाणी उकळलं नाही, दुसरा गियर सुटला नाही. फोनवर तुमचे आभार मानू लागलं की तुम्ही "चालतेय ना, झालं मग" म्हणून फोन ठेवता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितो आहोत. जुन्या गाड्या नीट खोलून त्यांचे पार्ट जपून विकणारी तुमच्यासारखी माणसं अजून आहेत हे जुनी गाडी दारात कुजत ठेवलेल्या घरांना कळावं, हाही हेतू आहे.

१९८४ ची प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगखाली हँडगियर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. घरातली पहिली गाडी, आजोबांच्या नावावरची. तुमच्याकडे पोहोचेपर्यंत तिच्याबद्दल एकच वाक्य ऐकलं होतं: "पार्ट मिळत नाहीत, भंगारात घाला." हे म्हणणाऱ्यांपैकी एकाने आधी इंजिन आणि डिफरन्शियल (मागच्या ॲक्सलमधला, चाकं फिरवणारा दातेरी चक्रांचा संच) दोन्ही खोलून ठेवलं होतं. सगळे नटबोल्ट एकाच डब्यात. मेन बेअरिंगच्या कॅपांवर खुणा नाहीत. डिफरन्शियलच्या पिनियनमागची शिम, म्हणजे नेमक्या जाडीची पातळ चकती, गायब. खोलायचे पैसे घेतले आणि जोडायची वेळ आली तेव्हा पार्ट नाहीत हे आठवलं. दुसऱ्याने दारांखालच्या सडलेल्या पत्र्यावर बोटभर जाड लांबी (पुट्टी) भरून वरून चकचकीत रंग मारला होता. पद्मिनीला वेगळी चासी नसते, बॉडीच सगळा भार पेलते, आणि त्या भाराचा मोठा वाटा दारांखालच्या पेटीवरून जातो. तिथे लांबी भरणं म्हणजे मोडलेल्या हाडावर पावडर लावणं. जॅक लावला तेव्हा तो पत्र्यातून आरपार वर आला. हा राग अजून गेलेला नाही, आणि तो लपवण्याचं कारणही दिसत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र आहे ती.

तुम्ही क्राउन-पिनियनचा, म्हणजे डिफरन्शियलमधल्या मोठ्या आणि लहान दातेरी चक्रांचा, जोड दिलात तेव्हा तो जोड त्याच्याच हाउसिंगसकट (बाहेरच्या घरासकट), बाइंडिंगच्या तारेने एकत्र बांधलेला होता. तारेला दुधाच्या पिशवीचा तुकडा, त्यात तेलात बुडवलेली शिम, आणि खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिलेलं: डाव्या कॅपला एक टिंब, उजवीला दोन, दात चांगले, बेअरिंग नवीन टाका. कॅपांवर पंचने मारलेली टिंबंही होती. हा जोड तुम्ही एका टॅक्सीतून काढला होता, आणि तोही आमची ओळख व्हायच्या कितीतरी आधी. कोण नेणार, कधी नेणार, नेणार तरी का, काहीच माहीत नसताना तुम्ही ती शिम जपली. "बेअरिंग नवीन टाका" हे तीन शब्द तर विकणारा माणूस कधी लिहीतच नाही. ते न लिहिता तुम्हाला चार पैसे जास्त मिळाले असते.

जाणकार नसलेल्यांसाठी सांगायला हवं की यात एवढं काय आहे. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. एका गाडीचं क्राउन आणि दुसरीचं पिनियन, दात मोजून सारखे भरले तरी, एकत्र नांदत नाहीत. पिनियन किती आत बसायचं हे त्याच्या बेअरिंगमागची शिम ठरवते. शिम जाड झाली की दातांचा ठसा क्राउनच्या दाताच्या मुळाकडे सरकतो, पातळ झाली की टोकाकडे. दोन्हीत ॲक्सल घरघरतो, ॲक्सिलरेटर दाबला की एक सूर आणि सोडला की दुसरा. शिवाय ती जाडी हाउसिंगवरही अवलंबून असते, म्हणून नुसता जोड विकणारा अर्धाच पार्ट विकत असतो. तुम्ही तिन्ही एकत्र ठेवलंत. नवीन बेअरिंग घातल्यावर दातांना शेंदूर-तेलाचा पातळ लेप लावून फिरवून पाहिलं, ठसा दाताच्या मधोमध आला. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी फट, साधारण ०.१ मिमी. साइड बेअरिंगच्या कॅपा टिंबं बघून बसवल्या, कारण डावी-उजवी बदलली तर बेअरिंग तिरकं आवळलं जातं. ईपी ९० गियर ऑइल भरलं आणि विषय संपला. ती शिम नसती तर वेगवेगळ्या जाडीच्या शिमा करून, दर वेळी प्रेसवर बेअरिंग काढून-घालून चाचपडत बसावं लागलं असतं, आणि तेवढं करायला तयार असलेला मिस्त्री आता शोधून सापडत नाही.

पार्ट मिळत नाहीत हे म्हणणं मुळातच खरं नाही. १९७४ पासून पद्मिनी या नावाने, त्याआधी फियाट डिलाइट आणि प्रेसिडेंट या नावांनी, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यातून या गाड्या काढल्या. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीमुळे पार्टांचा पूर वाहिला. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. पार्ट आहेत. कमी पडतात ती नीट उघडणारी माणसं. गॅसकटरने कापून किलोवर विकलं तर तो भंगार. पान्याने खोलून, धुऊन, खूण करून ठेवलं तर तोच पार्ट.

आणि काय घेऊ नये हेही तुम्हीच सांगितलंत. टॅक्सीच्या इंजिनचं हेड (वरचा भाग) आम्ही मागितलं तर तुम्ही आधी उलटं करून व्हॉल्व्हच्या सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतात त्या कडा, दाखवल्यात. मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर चालल्या. गॅस कोरडा, त्यामुळे साध्या सीट झिजून व्हॉल्व्ह आत बुडतात, टॅपेटची फट कमी होत जाते आणि शेवटी व्हॉल्व्ह पुरता न मिटल्याने जळतो. तसलं हेड घासूनपुसून विकणारे बाजारात आहेत. तुम्ही खासगी पेट्रोल गाडीचं काढून दिलंत, आणि तेही तपासून घ्यायला लावलंत. हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेल्या गाडीत हेडची पाण्याची भोकं खाल्लेली असतात आणि गॅस्केटची कड तिथे टेकत नाही. सरळ पट्टी आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांवर धरून ०.०५ मिमीचं फीलर (फट मोजायची पातळ पाती) आत जातं का पाहायचं. व्हॉल्व्ह बसवून चेंबरमध्ये रॉकेल ओतायचं आणि पोर्टमध्ये ओल येते का बघत थांबायचं. एका व्हॉल्व्हला आली, तो परत लॅप केला, म्हणजे सीटवर घासून बसवला.

प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचंही तसंच. सीएनजी सावकाश जळतो म्हणून त्या गाड्यांचं टायमिंग पुढे घेतलेलं असतं, म्हणजे ठिणगी लवकर पडते. टॅक्सीवरच्या खुणेवर तो पेट्रोल इंजिनला बसवला की चढावर नॉकिंग (इंजिनची टकटक) ठरलेलं. शाफ्ट हाताने हलवून पाहा, हलला तर पॉइंटची ०.४५ मिमीची फट एका कॅमवर बरोबर येते आणि दुसऱ्यावर चुकते, हे तुमचं सांगणं अगदी उपयोगी पडलं. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ तुम्ही एअर फिल्टरच्या झाकणावर आतून लिहून दिलीत, ती तशीच ठेवली आहे.

सोलेक्स कार्बोरेटर तीन घ्यायला लावलेत, एक चांगला करायला. तिन्हींत थ्रॉटलच्या दांड्याचं घर झिजलेलं निघालं. तिथून हवा ओढली जाते, आयडलिंग वर-खाली होतं, आणि मग लोक उगाच जेट बदलत बसतात. सगळ्यांत कमी झिजलेल्या बॉडीला लेथवर पितळी बुश घालून घेतला. जेट दुसऱ्याचा, क्रमांक बघून. फ्लोट तिसऱ्याचा, कानाशी हलवून आत पेट्रोल खळखळत नाही याची खात्री करून. जेटमध्ये तार घालायची नाही, हवाच मारायची, हे तुम्ही इतक्या वेळा बजावलंत की गॅरेजमधली पोरंही आता एकमेकांना बजावतात. ११८ एनईचा कार्बोरेटर पद्मिनीचा म्हणून गळ्यात मारणाऱ्यापासूनही तुम्हीच वाचवलंत. ती गाडी प्रीमियरचीच, पण तिचं इंजिन निस्सानचं, ११७१ सीसीचं.

ब्रेकच्या बाबतीत तर तुम्ही गिऱ्हाईक परत पाठवायला तयार होतात. जुना होजपाइप, जुनी रबरं, आतून खड्डे पडलेले व्हील सिलिंडर, यातलं काहीही विकायला साफ नकार. जुन्या पद्मिनीत ब्रेकचं सर्किट एकच, एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. तुमच्याकडून फक्त ड्रम आणि बॅकप्लेट घेतल्या, बाकी सगळं नवीन. ब्रेक ऑइल डॉट ३. त्यात चुकूनसुद्धा इंजिन ऑइल गेलं तर रबरं फुगून ब्रेक जाम होतात. समोर ढीग पडलेला असताना, हवं ते विका म्हणणारा माणूस दारात उभा असताना, "हे मी विकत नाही" असं म्हणायला काय लागतं ते व्यापार करणाऱ्यांनाच कळेल.

पत्र्यासाठी तुम्ही मुंबईची बॉडी घेऊच दिली नाहीत. खाऱ्या हवेत पेट्या आतून जातात आणि बाहेरून कळत नाही. इंजिन-गियरचा माल मुंबईचा घ्या, पत्रा सोलापूर-धाराशिवकडच्या कोरड्या हवेतला शोधा, हा तुमचा सल्ला प्रत्येक पद्मिनीवाल्याने लिहून ठेवावा. तिकडच्या गाडीतून दारांखालच्या दोन्ही पेट्या काढल्या, त्याही कापून नाही. स्पॉटवेल्ड ८ मिमीच्या ड्रिलने उकलून. आपल्या गाडीत जोडताना आधी दारांच्या चौकटींत अँगलचे आडवे-तिरपे आधार वेल्ड केले, दोन्ही कर्ण मोजले, गाडी चाकांवरच ठेवली आणि एका वेळी एकच बाजू कापली. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर मधून गाडी खचते आणि मग दारं कधीच नीट लागत नाहीत. पूर्ण वेल्डिंग करायच्या आधी टाके मारून दारं टांगून फटी पाहिल्या. फ्लोअरला १८ गेजचा पत्रा, सगळं काम सीओटू वेल्डिंगने, कारण गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ पत्रा लाटा मारतो. आतून झिंक प्रायमर, सांध्यांना सीलर, शेवटी पेटीत पातळ मेण.

किंगपिनची (पुढची चाकं ज्या खिळीवर वळतात तिची) बुशं तेवढी इथल्याच लेथवाल्याने रीम केली. वरची-खालची एकाच रीमरने, एका सरळ रेषेत. त्यालाही धन्यवाद.

काका, प्रामाणिकपणा म्हटलं की लोक मोठमोठे प्रसंग सांगतात. आम्हाला आता पंचची तीन टिंबं आणि एक पुठ्ठा आठवतो. जो माणूस समोर नाही, जो कदाचित कधी येणारच नाही, त्याचं काम अडू नये म्हणून केलेली ही तजवीज आहे. तुमच्या गाळ्यात शिकणाऱ्या मुलांनी ही सवय उचलली आहे हे आम्ही पाहिलं. पार्ट काढला की आधी चिंधी, मग पंच, मग चिठ्ठी. त्यांना विशेष शाबासकी सांगा.

ट्रान्सपोर्टने एक पेटी पाठवली आहे. उरलेले दोन कार्बोरेटर, एक स्टार्टर, मागचं डावं दार आणि पहिल्या हाउसिंगचा सांगाडा आहे. पैसे नकोत, ज्याला लागेल त्याला द्या. प्रत्येकाला चिठ्ठी आहे: स्टार्टरचं आर्मेचर चांगलं पण ब्रश संपलेले, दाराची खालची बिजागरी झिजलेली, काच मात्र शाबूत.

आपले कृतज्ञ,
मिरजेचं पद्मिनीवालं कुटुंब