उबुंटूसह विकलेल्या दोन लॅपटॉपबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : नव्या लॅपटॉपमधील त्रुटी आणि सेवा केंद्राने दिलेले उत्तर

महोदय,

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आमच्या जुन्या संगणकांत टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसल्यामुळे त्यांवर विंडोज ११ चढत नव्हते. म्हणून अक्षरजुळणीच्या कामासाठी उबुंटू २४.०४ ही लिनक्सवर आधारलेली कार्यप्रणाली घालूनच विकले जाणारे आपले दोन लॅपटॉप घेतले. जाहिरातीत ‘मराठीसाठी सज्ज’ आणि ‘१६ जीबी रॅम, ड्युअल चॅनल’ असे स्पष्ट छापले आहे.

आधी तक्रार कशाबद्दल नाही ते सांगतो. श्रीलिपी या विंडोजवरच्या जुन्या मराठी अक्षरजुळणी प्रणालीत केलेल्या फायली उबुंटूत थेट उघडत नाहीत, हे घेण्याआधीच माहीत होते. त्यांच्यासाठी एक जुना संगणक इंटरनेट तोडून ठेवला आहे. पडदा चांगला आहे, कळांना दाब योग्य आहे, पंखा ऐकू येत नाही. उबुंटूबद्दलही काही म्हणणे नाही.

मोठा दोष झोपेचा. झाकण मिटले की लॅपटॉप झोपत नाही, नुसते डोळे मिटतो. रात्री १० ते सकाळी ८ या वेळात एकाची बॅटरी १०० वरून ६९ टक्क्यांवर आली, दुसऱ्याची ७१ वर. दोन्ही यंत्रांत सारखेच घडते, म्हणजे हा एखाद्या नगाचा दोष नव्हे. कर्नलला, म्हणजे उबुंटूच्या गाभ्याला, ‘एस-टू-आयडल’ ही हलकी झोप हा एकच पर्याय दिसतो. ‘डीप’, म्हणजे रॅम सोडून जवळपास सगळे बंद करणारी एस-३ झोप, बायोसने (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीने) देऊच केलेली नाही. तेही चालले असते, हल्ली बऱ्याच लॅपटॉपांत ती नसते. पण मग प्रोसेसर सर्वांत खालच्या पायरीपर्यंत उतरायला हवा आणि त्यासाठी एसएसडी, वाय-फाय, यूएसबी या प्रत्येकाने आधी झोपायला हवे. एक जण जागा राहिला तरी सगळे घर जागे. आमच्याकडे रात्रभरानंतरही त्या खोल अवस्थेत घालवलेल्या वेळाची नोंद शून्य आहे. असा लॅपटॉप पिशवीत टाकला की तळ तापतो.

यावर आपल्याकडे उपाय आहे, हे विशेष. याच मॉडेलसाठी बायोसची नवी आवृत्ती संकेतस्थळावर आहे आणि तिच्या टिपणात ‘स्लीपमधील बॅटरी वापर कमी केला’ असे लिहिले आहे. पण फाइल ईएक्सई, म्हणजे फक्त विंडोजवर चालणारी! लिनक्स घालून विकलेल्या यंत्राची दुरुस्ती विंडोजवाचून होत नसेल, तर ग्राहकाने ती कुठे जाऊन करायची? उबुंटूमध्ये एफडब्ल्यूयूपीडी हे फर्मवेअर (बायोससारखी यंत्रातली मूळ प्रणाली) अद्ययावत करणारे साधन असतेच. उत्पादकाने फर्मवेअर एलव्हीएफएस या सामायिक भांडारावर चढवले की ते ग्राहकापर्यंत आपोआप पोचते. एवढे जमत नसेल तर बायोसच्या मेनूतून पेनड्राइव्हने घेता येईल अशी कॅप्सूल फाइल तरी द्या.

आता ‘मराठीसाठी सज्ज’. आत निघाली हिंदी. भाषा हिंदी, कीबोर्डची मांडणी हिंदी बोलनागरी, आणि कळांवर छापलेली अक्षरे मात्र इनस्क्रिप्ट या दुसऱ्याच मांडणीची! इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून ‘J’ची कळ दाबली की ऱ, ‘D’च्या कळेने पाय मोडायचा, मग य, की ‘दुसऱ्या’तला ऱ्य तयार. बोलनागरीत त्याच कळांनी भलतेच उमटते. शिवाय भाषा हिंदी असली की ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. मराठी मुद्रितशोधक ते खपवून घेत नाही, आणि पुण्यातला तर नाहीच. सेटिंग्जमध्ये भाषा मराठी करायची, इनपुट सोर्समध्ये मराठी इनस्क्रिप्ट घ्यायचा, लिब्रेऑफिसच्या ऑप्शन्समध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्टची भाषा हिंदीऐवजी मराठी करायची. पंधरा मिनिटांचे काम. आम्ही ते करून घेतले. पैसे मात्र ते करून मिळेल म्हणूनच मोजले होते.

रॅमबाबत थोडक्यात : दोन्ही लॅपटॉपांत १६ जीबीची एकच पट्टी असून दुसरी खाच रिकामी आहे. म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यातला रस्ता (चॅनल) एकच, जाहिरातीतल्यासारखे दोन नव्हेत. प्रोसेसरमधले ग्राफिक्सही याच रॅमवर चालते. ३०० डीपीआयचे मुखपृष्ठ गिंप या चित्रसंपादकात सरकवताना अडखळते.

झोपेतून उठल्यावर वाय-फाय तुटत असे. नेटवर्कमॅनेजरच्या फायलीत पॉवरसेव्हचा आकडा ३ (वीजबचत चालू) होता, तो २ (बंद) केल्यावर थांबले. ही माहिती निदान आपल्या सेवा केंद्राला कळवा.

कारण वरील सर्व नोंदी दाखवल्यावर तेथे उत्तर मिळाले : “लिनक्समध्ये असं चालायचंच, विंडोज टाकून घ्या.” परवान्याचा खर्च अर्थात आमचा. हे उत्तर मान्य नाही. वरील एकही दोष लिनक्सचा नाही. बायोस, रॅम आणि कारखान्यात केलेली जोडणी या तिन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

तरी पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत विंडोजशिवाय बसवता येईल असे बायोस द्यावे, आणि दोन्ही यंत्रांत ८-८ जीबीच्या जुळत्या पट्ट्या बसवून द्याव्यात किंवा किमतीतला फरक परत करावा. सेवा केंद्राने सुचवलेला फॅक्टरी रिसेट आम्ही करणार नाही. त्याने पुन्हा तीच हिंदी जोडणी येईल.

ही खरेदी उपजीविकेसाठी, स्वयंरोजगाराची आहे. त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आम्ही ग्राहक ठरतो. मुदतीत उत्तर न आल्यास पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तेथे शुल्क लागत नाही.

आपले,
अक्षरजुळणी केंद्र, सदाशिव पेठ, पुणे ४११०३०

सोबत : पावती, जाहिरातीची प्रत, बॅटरीच्या नोंदी, रॅमच्या खाचांचा अहवाल, सेवा केंद्राची जॉबशीट