हेरपट एकट्या नायिकेच्या खांद्यावर उभा राहत नाही

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

सप्रेम नमस्कार वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत हिंदी हेरपटांचा आढावा घेणारा लेख अलीकडेच वाचनात आला. लेख कष्टाने लिहिलेला आहे, परंतु त्यात प्रत्येक चित्रपटापुढे प्रमुख ताऱ्याचे नाव आणि तिकीटबारीवरील कोटींचा आकडा एवढीच माहिती आहे. २०१८ सालच्या ‘राझी’ या चित्रपटाची नोंद तर आलिया भट्ट यांचे नाव आणि शंभर कोटींचा टप्पा या दोन गोष्टींत आटोपली आहे. ज्या चित्रपटाचे सारे बळ त्यातील सहकलाकारांत आहे, त्याच्याबाबतीत अशी नोंद अपुरी ठरते, एवढेच नव्हे तर ती वाचकाची दिशाभूल करते, असे मला मनापासून वाटते आणि म्हणून हे पत्र लिहीत आहे.

‘राझी’ ११ मे २०१८ रोजी प्रदर्शित झाला. हरिंदर सिक्का यांच्या २००८ साली प्रकाशित झालेल्या इंग्रजी कादंबरीवर तो आधारलेला असून मेघना गुलजार यांनी दिग्दर्शन केले आहे आणि पटकथा त्यांनी भवानी अय्यर यांच्यासह लिहिली आहे. १९७१च्या युद्धापूर्वी सहमत नावाची काश्मिरी तरुणी वडिलांच्या सांगण्यावरून पाकिस्तानी लष्करी अधिकाऱ्याच्या घरात सून म्हणून जाते आणि तेथून भारताला माहिती पाठवते, हे कथानक बहुतेकांना ठाऊक आहे. या कथानकात पाठलाग आणि चकमकी फारच थोड्या आहेत. जे काही घडते ते बहुतांशी एका घराच्या चार भिंतींत, जेवणाच्या मेजाभोवती, सासऱ्यांच्या खोलीच्या दाराशी आणि न्हाणीघरात घडते.

येथेच या चित्रपटाच्या अभिनयाची खरी अडचण सुरू होते. सहमत हेर आहे हे प्रेक्षकाला पहिल्यापासून माहीत आहे, मात्र तिच्या सासरच्या सय्यद कुटुंबातील कोणालाही ते माहीत नाही. त्यामुळे सासरे, दीर, जाऊ आणि नवरा या भूमिका करणाऱ्या नटांना पडद्यावर निव्वळ अनभिज्ञता उभी करावी लागते, तीही सलग आणि भाबडेपणाचा आव न आणता. या चौघांपैकी एकाच्याही डोळ्यांत ‘पुढे काय होणार ते मला माहीत आहे’ असा नटाचा भाव क्षणभर जरी डोकावला असता, तरी सहमतच्या जिवाची धास्ती उरली नसती आणि तिच्या हातून होणाऱ्या विश्वासघाताचे दुःखही उरले नसते. हेराची भूमिका करणाऱ्या कलावंताला निदान दुहेरी वागण्याचे नाट्य हाताशी असते. ज्याला फसवले जात आहे त्याची भूमिका करणाऱ्याजवळ असा कोणताच आधार नसतो. समीक्षेत मात्र पहिल्याचे कौतुक होते आणि दुसऱ्याचा उल्लेखही होत नाही.

याचे आपल्या मराठी वाचकांना सर्वांत जवळचे उदाहरण अमृता खानविलकर यांचे आहे. ‘राझी’मध्ये त्यांनी सहमतची जाऊ मुनीरा हिची भूमिका केली आहे. महाराष्ट्रात त्यांचे नाव निघाले की १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झालेल्या रवी जाधव यांच्या ‘नटरंग’मधील लावणीची आठवण निघते आणि बहुतेक वेळा चर्चा तेथेच थांबते. ती लावणी लोकप्रिय झाली ती योग्यच होती, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु २०१५च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये खाँसाहेबांची मुलगी झरीना त्यांनी ज्या संयमाने उभी केली होती, त्या संयमाची पुढची पायरी म्हणजे मुनीरा आहे. मोठी सून म्हणून घरात आधीपासून रुळलेली, नव्या जावेला आपलेपणाने सामावून घेणारी ही बाई पुढे त्याच जावेच्या कृत्यामुळे विधवा होते, आणि आपले वैधव्य कोणाच्या हातून आले हे तिला ठाऊक नसते. नवरा मेहबूब याच्या मृत्यूनंतर तिच्या वाट्याला फारसे संवाद आलेले नाहीत. प्रेक्षकाला सहमतच्या अपराधाचे ओझे जाणवते ते मुनीराच्या चेहऱ्याकडे पाहून, आणि म्हणून मी या भूमिकेला कथानकाचा नैतिक तोल सांभाळणारी भूमिका मानतो.

त्याच २०१८ सालाच्या नोव्हेंबरमध्ये डॉ. काशीनाथ घाणेकर यांच्या जीवनावरील मराठी चित्रपटात अमृता खानविलकर यांनी अभिनेत्री संध्या यांची भूमिका केली. एकाच वर्षात रावळपिंडीतील लष्करी कुटुंबातली सून आणि मराठी पडद्यावरची एक विख्यात नर्तिका अशा दोन परस्परांपासून दूरच्या व्यक्तिरेखा साकारणाऱ्या कलावतीच्या वाटचालीवर त्या वेळी सविस्तर लिहिले जायला हवे होते. पुढे २०२२ साली ‘चंद्रमुखी’ आला तेव्हा पुन्हा नृत्य आणि दागदागिने यांवरच रकाने भरले गेले. एखाद्या नर्तकीला अभिनेत्री म्हणून गंभीरपणे घेण्यात आपण मराठी माणसेच इतकी मागे का राहावीत, हे मला उमगलेले नाही.

दुसरे उदाहरण जयदीप अहलावत यांचे. सहमतला घडवणारा गुप्तचर अधिकारी खालिद मीर ही भूमिका त्यांची आहे. हरियाणातील रोहतक जिल्ह्यातून आलेल्या या नटाला तरुणपणी लष्करात अधिकारी व्हायचे होते, निवड मंडळाच्या मुलाखतींत यश आले नाही, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. पुढे त्यांनी पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये अभिनयाचे शिक्षण घेतले आणि २००८ साली ते तेथून बाहेर पडले. राजकुमार राव आणि विजय वर्मा हे त्यांचे सहाध्यायी होते. २०१२च्या ‘गँग्स ऑफ वासेपूर’मध्ये शाहिद खानच्या भूमिकेत ते लक्षात राहिले, परंतु त्यानंतरची कित्येक वर्षे खलनायकाचा साथीदार, पोलीस अधिकारी किंवा दोन-तीन प्रसंगांचा पाहुणा अशीच कामे त्यांच्याकडे येत राहिली.

‘राझी’तील खालिद मीर हा या सगळ्या काळाचा हिशेब एका फटक्यात चुकता करणारा अभिनय आहे. मीरचा आवाज क्वचितच चढतो. कोवळ्या वयाच्या मुलीला तो निर्दयपणे तयार करतो, आणि तरीही तो निर्दय माणूस आहे असे आपल्याला म्हणता येत नाही. शेवटाकडे, गुपित सांभाळण्यासाठी आपल्याच माणसाचा बळी देण्याचा निर्णय घेताना त्या चेहऱ्यावर जी निश्चलता आहे ती पाहून अंगावर काटा येतो. देशासाठी काय काय करावे लागते हा प्रश्न चित्रपट सहमतच्या अश्रूंमधून जितका विचारतो, तितकाच मीरच्या कोरड्या डोळ्यांतून विचारतो. या भूमिकेनंतर जेमतेम दोन वर्षांनी, मे २०२० मध्ये ‘पाताल लोक’ या मालिकेतील हाथीराम चौधरी या पोलीस निरीक्षकाच्या रूपाने त्यांना मुख्य भूमिका मिळाली आणि मग साऱ्या देशाला हा नट ‘अचानक’ सापडला. संस्थेतून बाहेर पडल्यापासून बारा वर्षे अखंड काम करणाऱ्या माणसाला अचानक हा शब्द लावणे अन्यायाचे आहे. ‘पाताल लोक’च्या दिग्दर्शकांपैकी एक असलेले अविनाश अरुण हे मराठी दिग्दर्शक आहेत. त्यांनीच पुढे ‘थ्री ऑफ अस’ या चित्रपटात जयदीप यांना वेंगुर्ल्यातला प्रदीप कामत बनवले. हरियाणाचा हा धिप्पाड नट कोकणातल्या एका हळव्या, मितभाषी मध्यमवयीन माणसाच्या रूपात किती सहज वावरतो, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी अवश्य पाहावे.

सय्यद घराच्या उरलेल्या माणसांविषयी थोडक्यात लिहितो, यद्यपि प्रत्येकावर स्वतंत्र लेख होऊ शकेल. सून हिंदुस्थानातून आली आहे म्हणून पहिल्या दिवसापासून तिच्यावर नजर ठेवणारा जुना नोकर अब्दुल हा आरिफ झकारिया यांनी साकारला आहे. १९९७ साली कल्पना लाजमी यांच्या ‘दरमियाँ’मध्ये त्यांनी तृतीयपंथी व्यक्तीची मध्यवर्ती भूमिका केली होती. त्या काळात असे धाडस फार थोड्या नटांनी केले. दीर मेहबूबची भूमिका करणारे अश्वथ भट हे राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून आलेले आहेत. सहमतचे वडील झालेले रजित कपूर यांना दूरदर्शनवरील १९९३च्या ब्योमकेश बक्षीमुळे माझ्या पिढीतले सगळेच ओळखतात, पण १९९६च्या श्याम बेनेगल यांच्या चित्रपटात तरुण गांधीजी साकारल्याबद्दल त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, हे आज किती जणांच्या स्मरणात आहे? आईच्या भूमिकेत सोनी राजदान आहेत, ज्या प्रत्यक्षातही आलिया यांच्या आई आहेत.

सासरे ब्रिगेडियर सय्यद यांची भूमिका शिशिर शर्मा यांची आहे. येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. ‘राझी’नंतर बरोबर आठ महिन्यांनी, ११ जानेवारी २०१९ रोजी ‘उरी’ प्रदर्शित झाला आणि त्यात हेच शिशिर शर्मा भारताचे लष्करप्रमुख झाले, रजित कपूर पंतप्रधान झाले आणि सहमतचा नवरा, पाकिस्तानी अधिकारी इक्बाल सय्यद साकारणारे विकी कौशल भारतीय मेजर झाले. दोन्ही ठिकाणी प्रेक्षकांनी त्यांच्यावर तितकाच विश्वास ठेवला. नट आणि त्याची वर्दी यांत भेद करण्याची समज आपल्या प्रेक्षकांत आहे, हा त्याचा मला दिसणारा अर्थ आहे, आणि तो समाधान देणारा आहे.

विकी कौशल यांच्याविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. ‘छावा’मध्ये त्यांनी छत्रपती संभाजी महाराजांची भूमिका केल्यापासून महाराष्ट्रातील घराघरांत ते पोहोचले आहेत. पण २०१८ सालचे विकी कौशल हे २०१५च्या ‘मसान’मुळे जाणकारांना ठाऊक असलेले, तरीही मोठ्या पडद्यावर स्वतःच्या नावावर गर्दी न खेचणारे नट होते. ‘राझी’त त्यांनी इक्बालला खलपुरुष केले नाही आणि दुबळाही केले नाही. नव्या बायकोला सवड हवी म्हणून स्वतः दूर राहणारा, तिच्या आवडीनिवडी जपणारा आणि शेवटी आपल्या घराचा घात तिनेच केला हे कळल्यावर प्रेम आणि कर्तव्य यांत फाटून जाणारा हा अधिकारी आहे. तो इतका सज्जन नसता, तर सहमतच्या कामगिरीची किंमत आपल्याला कळली नसती. त्यानंतर अवघ्या सात आठवड्यांनी ‘संजू’मध्ये ते गुजराती मित्राच्या भूमिकेत आले आणि पुढल्या वर्षी ‘उरी’साठी आयुष्मान खुराना यांच्यासह त्यांना राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. २०२३ साली मेघना गुलजार यांनीच त्यांना १९७१च्या युद्धातले भारताचे लष्करप्रमुख सॅम माणेकशॉ केले. म्हणजे एकाच दिग्दर्शिकेच्या दोन चित्रपटांत या नटाने १९७१चे युद्ध सीमेच्या दोन्ही बाजूंनी उभे केले, आणि ही बाब माझ्या वाचनात आलेल्या परीक्षणांत कोठे नमूद झालेली दिसली नाही.

आलिया भट्ट यांचे श्रेय कमी लेखण्याचा माझा हेतू अजिबात नाही. ‘हायवे’ आणि ‘उडता पंजाब’ या चित्रपटांतून त्यांनी आपली ताकद आधीच दाखवली होती आणि ‘राझी’च्या वेळी वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्या पूर्ण तयारीनिशी उभ्या होत्या. पहिली हत्या झाल्यानंतर एकांतात कोसळणारी सहमत विसरता येत नाही. त्या वर्षीचे उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि अभिनेत्री असे तिन्ही फिल्मफेअर पुरस्कार ‘राझी’ला मिळाले, ते रास्तच होते. माझे म्हणणे इतकेच आहे की सहमतला भीती वाटावी असा अब्दुल, लाज वाटावी अशी मुनीरा आणि मोह पडावा असा इक्बाल समोर होता, म्हणून तिची घालमेल आपल्यापर्यंत पोहोचली.

वृत्तपत्राची जागा मर्यादित असते आणि वाचकाला तारे-तारकांविषयीच वाचायचे असते, असा युक्तिवाद संपादकीय विभागाकडून होऊ शकेल याची मला जाणीव आहे. परंतु मराठी वाचक हा पिढ्यान्‌पिढ्या नाटक पाहणारा वाचक आहे. नाटकाच्या परीक्षणात दोन प्रसंगांपुरत्या आलेल्या नटाचेही नाव आणि त्याच्या कामावर एखादे वाक्य लिहिण्याची रीत आपल्याकडे दीर्घकाळ होती आणि वाचक ते वाक्य आवर्जून वाचत असे. चित्रपटाच्या बाबतीत ती रीत का सोडून द्यावी? तिकीटबारीचे आकडे भ्रमणध्वनीवर क्षणात मिळतात. एखादा नट कोठे शिकला, किती वर्षे किरकोळ भूमिकांत राहिला आणि कोणत्या भूमिकेने त्याची वाट वळली, हे मात्र जाणत्या माणसाने जुळवून लिहिल्याशिवाय मिळत नाही.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, यापुढे आपल्या चित्रपट परीक्षणांच्या शेवटी कलाकारांची नावे त्यांच्या व्यक्तिरेखांच्या नावांसह छापावीत, निदान आठ-दहा नावे तरी असावीत. दुसरी, पुरवणीत महिन्यातून एकदा एका सहकलाकाराच्या कारकिर्दीवर सविस्तर लेख द्यावा आणि त्याची सुरुवात आरिफ झकारिया किंवा शिशिर शर्मा यांच्यापासून करावी. हे दोघेही मुंबईत दीर्घकाळ काम करत आलेले कलावंत आहेत, तेव्हा आपल्या प्रतिनिधीला त्यांची मुलाखत घेणे अवघड जाऊ नये.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक,
कोल्हापूर