टीआरपीचं काय घेऊन बसलात

संपादक साहेब,

तुमच्या पुरवणीत मालिकांच्या टीआरपीचं येतं, नंबर वन कोण नि खाली कोण घसरली, ते वाचून म्हटलं एकदा लिहूयाच. 'साराभाई व्हर्सेस साराभाई' ही हिंदी विनोदी मालिका स्टार वनवर २००४ ला सुरू झाली नि २००६ ला बंद पण पडली, कारण काय तर टीआरपी नाय. आज तो चॅनलच राहिला नाय, पण आमच्या मालवणात तेव्हा जन्मलेली पण नव्हती ती पोरं मोबाईलवर तेच एपिसोड लावून खिदळत बसतात.

त्यातलं साराभाईंचं घर तसं बिघडलेलंच हो. सासू सुनेला मिडल क्लास म्हणून टोचते, सासरा बायकोची खोड काढायला टपलेला, धाकटा मुलगा रोसेशच्या कविता तर विचारूच नका. पण कोण कोणाच्या दुधात विष घालत नाय! सासू झालेली रत्ना पाठक शाह आवाज न चढवता सुनेला नुसतं "मोनिशा" म्हणते तेवढ्यात समोरच्याची वाट लागते. (२०१७ ला ऑनलाईन परत आणली, ती मजा नाय आली.)

आमच्याकडे तर मटेरियल पडलंय. गणपतीला सगळे भाऊ मुंबईहून येणार, सामायिक विहिरीवरून एकमेकांशी बोलणं बंद, निरोप काय तो पोरांकरवी, नि आरतीला मात्र टाळ घेऊन सगळे एका रांगेत. ह्याच्यावर करा की आठवड्यातून एकदा, पंचवीसेक एपिसोड, नि गोष्ट संपली की बंद करा, उगाच कोणाचा पुनर्जन्म नको.

एक वाचक, मालवण